धुराची पंगत

गेले दोन महिने आमच्या ह्या सदराचा नेम चुकला, त्याबद्दल वाचकांची प्रथम क्षमा मागतों. कारण असें झालें कीं, आमच्या चिरंजिवांच्या आग्रहास मान देऊन आम्ही सपत्नीक अमेरिकेंतील टेक्सास प्रांतीं, ऑस्टिन शहरीं जाऊन राहिलों होतों. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा मानस नाहीं. विमानांतून ढग कसे दिसतात आणि तिकडचे रस्ते किती रुंद असतात, हें आतां घरोघरीं ठाऊक झालें आहे. ज्या घरांतील एकही मूल परदेशीं नाहीं, असें घर आमच्या वाचकांत विरळाच असेल. आम्हांस लिहावयाचें आहे तें एका जेवणाविषयीं. तें जेवण आम्ही जेवलों, असें म्हणणें सत्याला सोडून होईल. परंतु त्या पंक्तीस आम्ही बसलों होतों, एवढें खरें.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त चौदा वर्षें त्या शहरीं आहेत. आम्ही गेल्यापासून त्यांच्या घरीं दोन्ही वेळां वरणभात, कोशिंबीर, चतुर्थीस मोदक असा थाट होता. सात समुद्र ओलांडूनही पोरानें घराची रीत सोडली नाहीं, ह्याचें आम्हांस मोठें समाधान वाटे. पहिल्याच दिवशीं शीतकपाटाचा एक मोठा कप्पा धुवूनपुसून अगदीं रिकामा ठेवलेला आम्ही पाहिला. तो आमच्या सौभाग्यवतींच्या लोणच्यांसाठीं मोकळा केला असावा, असें आम्ही समजलों.

एप्रिल महिन्यांत आमच्या नातवाचा दहावा वाढदिवस होता. त्याच्या चार दिवस आधीं रात्रीं पाणी पिण्यासाठीं आम्ही उठलों असतां मुलाच्या खोलींतून सूनबाईंचा आवाज ऐकूं आला. "ह्या वर्षीं नाहीं. आजीआजोबा परत गेले कीं मग जाऊं." त्यावर नातवाचें रडवेलें उत्तर, "पण दर वर्षीं आपण लॉकहार्टलाच जातों!" आम्ही पाण्याचा पेला हातांत घेऊन अंधारांत तसेच उभे राहिलों.

दुसऱ्या दिवशीं बागेंत फिरतांना आम्ही नातवास सहज विचारलें कीं, लॉकहार्ट येथें काय आहे? मूल अद्याप खोटें बोलावयास शिकलें नव्हतें. तें म्हणालें, "आजोबा, तिथें बार्बेक्यू मिळतं. मला टर्की आवडते. बाबांना पण आवडते. पण तुम्हांला सांगायचं नाहीं, असं ठरलंय." टर्की म्हणजे कोंबडीच्या जातीचा एक मोठा पक्षी, हें आम्हांस वाचनानें ठाऊक होतें. शीतकपाटाचा तो कप्पा लोणच्यांसाठीं रिकामा केलेला नव्हता, हें आतां कळलें.

वाचकहो, खरें सांगतों, आमच्या पायांतलें बळ गेलें. घरीं येऊन सौभाग्यवतींच्या कानांवर ही गोष्ट घातली, तों त्या तांदूळ निवडतां निवडतां शांतपणें म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. सूनबाईनं मला चार वर्षांपूर्वींच सांगितलं." आम्ही चकित होऊन विचारलें, "मग आम्हांला कां नाहीं सांगितलं?" त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हांला सांगितलं असतं, तर तुम्ही एक श्लोक म्हटला असता, आणि त्यानं फोन करायचं सोडलं असतं."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. मुलगा मांस खातो ह्याचें दुःख झालें नाहीं, असें म्हणणें ढोंगीपणाचें होईल, दुःख झालेंच. परंतु दुसरेंही एक शल्य टोंचत होतें. चौदा वर्षें आपल्या पोटचा पोर आपल्याशीं बोलतांना एक दार लावून घेऊन बोलत होता, आणि तें दार त्यानें आमच्याच भीतीनें लावलें होतें.

त्यांतच एक जुनी आठवण झाली. शाळेंत असतांना संस्कृताची गोडी असलेल्या मुलांस आम्ही फावल्या वेळीं घरीं शाकुंतल शिकवीत असूं. त्याच्या दुसऱ्या अंकाच्या आरंभीं विदूषक कुरकुरतो कीं, राजाच्या ह्या मृगयेच्या नादापायीं आपल्याला वेळीं-अवेळीं शूल्य मांस खाऊन दिवस काढावे लागतात. शूल्य म्हणजे शूलावर भाजलेलें. शूलावर भाजलें तें शूल्य आणि उखेंत म्हणजे भांड्यांत शिजविलें तें उख्य, असे शब्द प्रत्यक्ष पाणिनीनें साधून दिले आहेत. परंतु तें वाक्य आलें कीं आम्ही वर्षानुवर्षें "पुढें चला" म्हणून पान उलटीत आलों. मुलांनीं विचारूं नये म्हणून आम्ही गाळलें, आणि आमच्या मुलानें आम्ही विचारूं नये म्हणून गाळलें. गाळण्याची विद्या त्यानें घरींच संपादन केली होती.

सकाळीं चहाच्या वेळीं आम्ही जाहीर केलें कीं, नातवाचा वाढदिवस लॉकहार्ट येथेंच व्हावा, आणि आम्ही दोघेंही येणार. चिरंजिवांच्या हातांतला पेला बशीवर वाजला. सूनबाईंनीं सासूबाईंकडे पाहिलें, आणि सासूबाईंनीं खिडकीबाहेर.

आतां त्या गांवाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. लॉकहार्ट हें ऑस्टिनच्या दक्षिणेस सुमारें ३० मैलांवर असलेलें, कॉल्डवेल परगण्याचें मुख्य ठिकाण. मध्यभागीं १८९४ सालची मनोऱ्यांची सुरेख कचेरी, आणि तिच्या भोंवतीं जुन्या विटांचीं दुकानें. वस्ती लहान, पण कीर्ति मोठी. १९९९ सालीं टेक्सासच्या विधिमंडळांत ठराव होऊन ह्या गांवास बार्बेक्यूची राजधानी म्हणून गौरविण्यांत आलें. येथील क्रॉइट्स मार्केट हें दुकान १९०० सालीं निघालें, तर ब्लॅक्स हें १९३२ सालीं. बार्बेक्यू हा शब्दही प्रवास करून आलेला आहे. कॅरिबियन बेटांवरील मूळच्या ताइनो लोकांचा, लांकडी माच अशा अर्थाचा शब्द स्पॅनिश लोकांनीं बार्बाकोआ म्हणून उचलला, आणि पुढें तो इंग्रजींत गेला.

एकोणिसाव्या शतकांत मध्य टेक्सासांत जर्मन व चेक लोक येऊन वसले. त्यांत खाटिकाचा धंदा करणारे पुष्कळ होते. दिवसअखेर जें मांस विकलें जात नसे, तें नासूं नये म्हणून ते धुरावर भाजून ठेवीत. कापूस वेंचण्यास आलेले मजूर तें तोलून विकत घेत आणि कागदावर ठेवून तेथेंच हातानें खात. ताट नाहीं, कांटा नाहीं. जोडीला दुकानांत मिळतील तींच बिस्किटें, कांदा आणि लोणचें. आज त्याच कागदावर, त्याच कांद्यासह, दूरदूरचे धनिक रांगेंत उभे राहून जेवतात, आणि कित्येक दुकानांनीं तर कांटा न देणें हीच आपली प्रतिष्ठा मानली. जी गोष्ट आरंभीं केवळ अडचण होती, तिची दोनतीन पिढ्यांत रीत झाली. आमच्या किती रीतींचें मूळ असेंच कोणाच्या अडचणींत असेल, हा विचार त्या वेळीं मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. ह्या कलेंत मेक्सिकन लोकांचा आणि गुलामगिरींत भरडलेल्या कृष्णवर्णीय आचाऱ्यांचाही मोठा वांटा आहे. १९ जून १८६५ रोजीं गॅल्व्हस्टन बंदरांत गुलामांच्या मुक्तीचा हुकूम वाचला गेला. त्याची आठवण टेक्सासांतील कृष्णवर्णीय कुटुंबें अशाच भाजक्या अन्नाच्या पंक्तींनीं करीत आलीं, आणि २०२१ पासून तो दिवस साऱ्या अमेरिकेचा सण झाला.

आम्ही गेलों त्या उपाहारगृहाची इमारत म्हणजे एक मोठी कोठी. भिंती धुरानें काळ्या झालेल्या. आमच्या लहानपणच्या चुलीमागची भिंत आठवली. एका टोंकास पोस्ट ओक नांवाच्या झाडाच्या लांकडांचा विस्तव, आणि दूर दुसऱ्या टोंकास लोखंडी झांकणाखालीं मांस. ज्वाळ अन्नास लागूं द्यावयाची नाहीं. केवळ ऊब आणि धूर. तेथील मुख्य पदार्थ म्हणजे ब्रिस्केट, छातीचा चिवट भाग. त्यास मीठ-मिरीं चोळून सुमारें ११० ते १३५ सेंटिग्रेड अंशांच्या मंद उष्णतेवर दहाबारा तास ठेवतात, तेव्हां त्यांतील चिवट तंतु विरघळून तें मऊ होतें. रात्रभर जागून बासुंदी आटविणाऱ्या आमच्या आत्याबाई त्या विस्तवाजवळ उभ्या असत्या, तर अन्न न शिवतां त्यांनीं आंचेची मात्र वाखाणणी केली असती.

तें मांस गाईबैलांचें असतें. वाचकांनीं येथें पान उलटूं नये. आम्हींही त्या दिवशीं तोंड फिरवावयाचें नाहीं, असें ठरवून गेलों होतों. आंत शिरतांच चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, आम्ही गाय खात नाहीं. नुसती टर्की." आम्हांस बरें वाटलें, आणि लगेच, आपणांस काय ऐकून बरें वाटूं लागलें आहे, ह्याचें हसूंही आलें.

तेथें वाढपी येत नाहीं. रांगेंत उभें राहावें, हवें तें तोलून घ्यावें, आणि लांब लांब बाकांवर अनोळखी माणसांच्या शेजारीं बसून खावें. सूनबाईंनीं देणाऱ्या मुलीस विचारलें कीं, मांसमच्छी, अंडें ज्यांत मुळींच नाहीं, असें काय मिळेल? ती मुलगी विशींतली असेल. तिनें मोठ्या प्रामाणिकपणें सांगितलें कीं, घेवड्याच्या उसळींत मांसाचे तुकडे आहेत, बटाट्याच्या आणि कोबीच्या कोशिंबिरींत अंड्याचें मिश्रण आहे. तेव्हां पांढरा पाव, कांदा, काकडीचें लोणचें आणि चीज एवढेंच तुमच्या कामाचें. मग आमच्याकडे एकवार पाहून तिनें हातांतले मोजे काढून टाकले, नवे चढविले, गुंडाळीवरून कोरा कागद फाडला, निराळी सुरी घेतली, आणि आमचा पाव-कांदा त्यावर मांडून दिला. कोणी सांगितलें नव्हतें. सौभाग्यवती आमच्या कानांत म्हणाल्या, "हिचं सोंवळं बघा." आमच्या घराण्यांतील सोंवळें आम्ही पुष्कळ पाहिलें आहे, परंतु त्यांतलें बहुतेक स्वतःस जपण्यासाठीं होतें, आणि हें दुसऱ्याचें मन जपण्यासाठीं होतें.

आम्ही बाकावर बसलों. समोर एक वृद्ध शेतकरी आणि त्यांचें कुटुंब होतें. त्या गृहस्थांनीं रुंद टोपी काढून मांडीवर ठेवली, सर्वांनीं एकमेकांचे हात धरले, आणि डोळे मिटून देवाचे आभार मानले. आम्हींही कागदाभोंवतीं पाणी फिरवून चित्राहुति घातल्या. डोळे उघडल्यावर आमची व त्यांची दृष्टादृष्ट झाली. त्यांनीं मान लवविली, आम्हींही लवविली. सौभाग्यवतींनीं पिशवींतून दशम्या आणि लसणाची चटणी काढली. कागदावरची दशमी हातानें मोडतांना आम्हांस थंडींतल्या हुरड्याची आठवण झाली. शेतांत आगटीभोंवतीं बसून राखेचा हात तसाच झटकून कोंवळे दाणे चोळून खातांना आम्हीं तरी ताट कधीं मागितलें होतें?

परंतु आमच्या शेजारची जागा रिकामीच होती. चिरंजिवांपुढें नुसता पाव होता. त्यांनीं स्वतःसाठीं दुसरें कांहीं घेतलेंच नव्हतें. नातू कोठें म्हणून पाहिलें, तों बाकाच्या अगदीं पलीकडच्या टोंकास आमच्याकडे पाठ करून तो एकटा बसला होता. आमच्या नजरेस पडूं नये म्हणून त्याचा कागद तिकडे मांडला होता. ज्याचा वाढदिवस, तोच पंक्तीबाहेर!

आमच्या लहानपणीं पंक्तिप्रपंच करणें हें पाप म्हणून आम्हांस शिकविलें आहे. एकाच पंक्तींत एकास तूप जास्त व दुसऱ्यास कमी वाढणाऱ्या वाढप्यास आमच्या आजोबांनीं भर लग्नांत उठविलें होतें. येथें तर वाढपी आम्हीच होतों. आम्ही नातवास हांक मारली, "अरे, इकडे ये. माझ्याशेजारीं बस." तो कागद सांभाळीत आला आणि भीत भीत म्हणाला, "आजोबा, तुम्हांला चालेल?" आम्ही म्हणालों, "वास मला चालत नाहीं. तूं चालतोस."

तो बसला. मग आम्ही चिरंजिवांस म्हणालों, "तुझ्यासाठींही घेऊन ये. पोराच्या वाढदिवशीं बापानं कोरडा पाव खाऊं नये." ते उठले नाहींत. मान खालीं घालून म्हणाले, "बाबा, मी सांगणार होतों." त्या वेळीं आम्हांस चार शब्द सुनावतां आले असते, संस्कृतांत तर आठ. पण दुसरीच गोष्ट तोंडून बाहेर पडली, आणि ती आमच्या सौभाग्यवतींनींही त्या दिवशींच प्रथम ऐकली.

मॅट्रिक होऊन आम्ही शिक्षकाची पदविका घेण्यासाठीं पुण्यास राहिलों होतों. तेथें एका इराण्याच्या हॉटेलांत मित्रांच्या आग्रहानें आम्ही एकदां आम्लेट खाल्लें. एकदां म्हणून सांगण्याची वहिवाट आहे. वस्तुतः चार वेळां खाल्लें. वडिलांस शेवटपर्यंत सांगितलें नाहीं. त्यांच्या अंतकाळीं जवळ बसून गीतेचा पंधरावा अध्याय म्हणतांनाही ती गोष्ट घशाशीं येऊन परत गेली. त्यांना कळलें असतें, तर ते काय म्हणाले असते, हें आम्हांस आजही ठाऊक नाहीं. विचारण्याची वेळ होती तेव्हां आम्हीं विचारलें नाहीं. एवढें सांगून आम्ही चिरंजिवांस म्हणालों, "तुझ्यावर ही पाळी येऊं नये, म्हणून मी आज इथवर आलों."

चिरंजीव उठले आणि रांगेंत जाऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांची पाठ आमच्याकडे होती. सूनबाईंनीं डोळ्यांना पदर नव्हता म्हणून कागदी रुमाल लावला. सौभाग्यवती आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "चार वेळां?" आम्ही चटणीकडे लक्ष दिलें.

जेवणानंतर गांवांत फिरतांना चिरंजिवांनीं त्या क्रॉइट्स मार्केटची हकीकत सांगितली. १९४८ सालीं तें दुकान नव्या मालकानें घेतलें. पुढें धंदा मुलाकडे आणि इमारत मुलीकडे गेली. भावाबहिणींचें जुळेना, तेव्हां १९९९ सालीं भावानें त्याच गांवांत नवी मोठी इमारत बांधली. बहिणीनें जुन्या जागींच वडिलांच्या टोपणनांवानें स्मिटीज हें दुकान चालू ठेवलें. परंतु निघतांना भावानें जुन्या भट्टींतले जळते निखारे एका पत्र्याच्या टबांत भरले, आणि तो टब भर रस्त्यानें ओढीत नेऊन नवी भट्टी त्याच विस्तवानें पेटविली.

आम्ही रस्त्यांतच थांबलों. गृहस्थानें स्थलांतर करतांना आपला अग्नि बरोबर न्यावा, असें आमच्या शास्त्रांतही सांगितलें आहे. आम्हीं तें वाचलें आहे, शिकविलें आहे, पण तसें करणाऱ्यांची गोष्ट ऐकली ती त्या खाटिकांच्या गांवांत. एकत्र कुटुंबांतील वाटण्या आमच्या वाचकांस नव्या नाहींत. भांडीं मोजतात, दागिने तोलतात, आणि चूल तेवढी विझवून निघतात. जागा बदलली, खाणें बदललें, तरी ऊब बरोबर न्यावयाची असते, हें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं.

१८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें नुसता चहा घेतल्यावरून केवढें ग्रामण्य माजलें, हें वाचकांस ठाऊक आहे. रानडे, टिळक अशा थोरांसही प्रायश्चित्त घ्यावें लागलें. आज त्याच चहावांचून आमच्या घरांतील सत्यनारायणाचे भटजीही पोथी उघडीत नाहींत. ह्यावरून सर्वच कांहीं पुढें चालणार आहे, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. मांसाहाराविषयीं आमचें मत तिळमात्र बदललेलें नाहीं. आमच्या स्वयंपाकघरांत तें येणार नाहीं, आणि चिरंजीव दिवाळींत येतील तेव्हां त्यांसही तेथें तें मिळणार नाहीं. हें आम्ही त्यांना त्याच फेरींत स्पष्ट सांगितलें, आणि त्यांनींही "तें मला माहीत आहे, बाबा," असें हसत कबूल केलें. परंतु मत असणें निराळें, आणि मताच्या भीतीनें मुलांस खोटें बोलावयास लावणें निराळें. ज्यांचीं मुलें दूर आहेत, त्या वाचकांनीं एवढेंच पाहावें कीं, आपल्या घरीं कोणता कप्पा आपल्यासाठीं रिकामा करून ठेवलेला आहे.

आतां आम्ही घरीं परत आलों आहों. दर रविवारीं सकाळीं दूरध्वनीच्या पडद्यावर नातवास आम्ही संस्कृताचे धडे देतों. त्याचा अधिकार अजून लहान आहे. पण शाकुंतलाची गोष्ट त्यानें हट्टानें ऐकावयास घेतली. गेल्या रविवारीं दुसऱ्या अंकाशीं आलों. विदूषकाचें तें कुरकुरणें आलें. आम्ही क्षणभर थांबलों, आणि ह्या खेपेस पान न उलटतां अर्थ सांगितला. तो खदखदून हसला आणि म्हणाला, "आजोबा, म्हणजे हा लॉकहार्टचाच माणूस!"